रस्ता सोडल्यावर (भाग ७) : गाडी उचलण्याआधी गाडीखाली वाका

पिंपरी-चिंचवड किंवा चाकणमधल्या कुठल्याही ॲक्सेसरीजच्या दुकानात लिफ्ट किटचा विषय काढला की समोरून पहिला प्रश्न येतो, ‘किती इंच करायचीय?’ आपण ‘दोन इंच’ म्हणून मोकळे होतो आणि बोलणं थेट भावावर जातं. या घाईत एक प्रश्न राहून जातो. गाडी आत्ता नेमकी कुठे टेकते? त्याचं उत्तर हातात नसताना घेतलेलं किट कितीही स्वस्त मिळालं तरी महागच पडतं. त्यामुळे या भागात किटच्या किमतीकडे जरा उशिरा येऊ.

उत्तर शोधायला गॅरेज लागत नाही. एखादी पावसाळी फेरी झाली की गाडी धुण्याच्या रॅम्पवर चढवा, बॅटरी घ्या आणि खाली वाकून ओरखडे बघा. ते पुढच्या बंपरच्या ओठावर आहेत, फूटस्टेपवर आहेत, चासीच्या मधल्या भागावर आहेत की मागच्या ॲक्सलच्या गोळ्यावर? प्रत्येक जागेचा इलाज वेगळा आहे आणि त्यातल्या काहींवर लिफ्टचा काडीचाही उपयोग होत नाही.

तीन अडथळे, तीन मापं

मावळातला शेतरस्ता घ्या. पावसाळ्यात पवना किंवा आंद्रा खोऱ्यातल्या भातशेतीच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर जाऊन जाऊन दोन खोल चाकोऱ्या पडतात. ट्रॅक्टरचं पोट उंच, त्यामुळे मधला उंचवटा तसाच राहतो. आपली गाडी त्या चाकोऱ्यांत उतरली की मागच्या ॲक्सलमधला डिफरेन्शियलचा गोळा उंचवट्यावर बसतो आणि चाकं जागच्या जागी फिरत राहतात. आता याच गाडीला दोन इंचांची लिफ्ट बसवली असं समजा. चासी वर गेली, बॉडी वर गेली. ॲक्सल मात्र होता तिथेच राहिला, कारण तो स्प्रिंगच्या खाली आहे आणि थेट चाकांना जोडलेला आहे. सलग ॲक्सलच्या गाडीत त्या गोळ्याची जमिनीपासूनची उंची फक्त टायरचा व्यास ठरवतो. मागच्या आठवड्यात टायरच्या मापांचं गणित पाहिलं, ते इथे कामाला येतं. २५५/६५ आर१८ या टायरचा व्यास सुमारे ७८९ मिमी भरतो. त्याऐवजी ३३ इंची, म्हणजे सुमारे ८३८ मिमीचा टायर घातला तर व्यास ४९ मिमी वाढतो आणि गोळा त्याच्या निम्म्याने, जेमतेम २५ मिमी वर जातो. चाकोरीतली अडचण सुटायची तर ती एवढीच आणि याच वाटेने सुटते.

दुसरा अडथळा शेताचा बांध. पुढची चाकं बांध ओलांडून उतरतात, मागची अजून चढायची असतात आणि पोट बांधावर बसतं. इथे लिफ्ट खरोखर कामाची आहे. २०२० साली आलेल्या थारचा व्हीलबेस २,४५० मिमी आणि कंपनीने दिलेला रॅम्पओव्हर कोन २७ अंश. पोट ५० मिमी वर गेलं तर हा कोन साधारण चार अंशांनी वाढतो. थार रॉक्सचा व्हीलबेस २,८५० मिमी आहे. पोट तेवढंच उंच असलं तरी लांब गाडी बांधावर लवकर बसते, आणि त्याच ५० मिमीचा फायदाही तिला थोडा कमी मिळतो.

तिसरा अडथळा ओढ्याची दरड. उतरताना पुढचा बंपर घासतो, चढताना मागचा. लिफ्टने पुढचा आणि मागचा, दोन्ही कोन सुधारतात, पण पुष्कळदा दोष बंपरखालच्या प्लॅस्टिकच्या ओठाचा, हौसेने लावलेल्या फूटस्टेपचा किंवा खाली लोंबणाऱ्या टो-हुकाचा असतो. ओठ आणि फूटस्टेप काढायला एक पाना आणि अर्धा तास पुरतो. ओरखडे तिथेच असतील तर तुमची लिफ्ट फुकटात झाली, असं समजायला हरकत नाही.

स्वस्त वाटा आणि त्यांच्या मर्यादा

ओरखडे चासीच्या मधल्या भागावर आहेत आणि लिफ्ट खरोखर लागणार आहे, असं ठरलं की बाजारात चार वाटा दिसतात.

पहिली वाट स्पेसरची. स्प्रिंगच्या किंवा शॉक ॲब्सॉर्बरच्या डोक्यावर एक जाड चकती बसवायची. खर्च काही हजारांचा, आणि आपल्या पट्ट्यात तर त्याहूनही कमी. भोसरी एमआयडीसीत लेथ चालवणारा कोणीतरी ओळखीचा निघतोच आणि ‘दोन गोल काढून दे’ म्हटलं की काम होतं. टर्नरच्या हाताबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. जे ड्रॉईंग द्याल ते तो काढून देईल. अडचण अशी की ड्रॉईंग बहुतेकांकडे नसतं. स्प्रिंगचं शेवटचं वळण बसण्यासाठी जो उतार लागतो तो राहून जातो, भंगारातून ओतलेलं ॲल्युमिनियम वापरलं जातं, किंवा स्वस्त नायलॉन, जे पाणी शोषतं आणि कायमच्या दाबाखाली हळूहळू बसतं. हा भाग गाडीचं वजन पेलतो. त्याच्या मटेरियलचा दर्जा माहीत नसेल तर तो गाडीत घालू नये.

स्पेसरचं दुसरं गणित आणखी फसवं आहे. जिथे स्प्रिंग सरळ ॲक्सलवर बसते, तिथे २५ मिमीच्या स्पेसरने गाडी जवळपास २५ मिमीच उचलली जाते. थारच्या पुढच्या डबल विशबोनमध्ये मात्र शॉक आणि स्प्रिंग खालच्या आर्मवर, चाकापासून बरीच आत बसतात. समजा ही जागा आर्मच्या लांबीच्या ६० टक्क्यांवर आहे. मग शॉकच्या डोक्यावर २५ मिमीचा स्पेसर घातला की चाकाकडे सुमारे ४२ मिमी फरक पडतो. म्हणून ‘पुढेमागे सारखेच स्पेसर टाका’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला थांबवा, नाहीतर गाडी नाक वर करून उभी राहील.

दुसरी वाट टॉर्शन बारची. २०१० ते २०२० दरम्यानच्या जुन्या थारच्या पुढच्या बाजूला कॉईल स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार आहे. त्याचा बोल्ट फिरवला की गाडी वर येते आणि खर्च शून्य. पण बोल्ट फिरवून चाकाची हालचाल वाढत नाही, ती फक्त सरकते. आर्म खाली लोंबतात, ड्राइव्हशाफ्टच्या सांध्यांचे कोन वाढतात आणि चाकाला आणखी खाली जायला जागा उरत नाही. बसलेला बार मूळ उंचीला आणण्यापुरता हा उपाय ठीक. त्यापुढे प्रत्येक फेऱ्याची किंमत बॉल जॉइंट मोजतात.

तिसरी वाट पाट्यांची. जुन्या जिप्सीला पुढेमागे पाटे आहेत आणि जुन्या थारला मागे. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत ट्रकचे पाटे दुरुस्त करणाऱ्यांना एक पाटा वाढवणं हे रोजचं काम. मालवाहू गाडीला ते शोभतं, कारण तिला वजन न्यायचं असतं. रिकामी जिप्सी मात्र एका जादा पाट्याने इतकी कडक होते की दगडावर चाक दबत नाही आणि गाडीच डुलते. शॅकल लांब करणं हा त्याहून सोपा उपाय, पण पुढच्या बाजूला त्याने ॲक्सल कलतो, कॅस्टर बिघडतो आणि वेगात स्टिअरिंग भरकटायला लागतं. पाट्यांचं काम करायचंच असेल तर त्या गाडीसाठी बनवलेला पूर्ण संच आणि नवे यू-बोल्ट घ्या. जुने यू-बोल्ट एकदा ताणले गेलेले असतात. ते पुन्हा आवळण्यात बचत नाही.

चौथी वाट म्हणजे स्प्रिंग आणि शॉक दोन्ही बदलणारं किट. ओल्ड मॅन एमू, आयर्नमॅन यांसारख्या ऑस्ट्रेलियन नावांपासून देशी बनावटीपर्यंत पर्याय आहेत. इथे खर्च दहा हजारांच्या पटीत सुरू होतो आणि आयात किटचा आकडा सहज लाखावर जातो. ज्यांचा खिसा बेताचा आहे ते इथे एक तडजोड करतात. स्प्रिंग किटची घ्यायची आणि शॉक कंपनीचाच ठेवायचा. याच्या उलट, इंच कमी करून चांगल्या शॉकवर खर्च केला तर बरीच बचत होते; का, ते पुढे बघू.

उंचीपेक्षा चाकाची झेप

शॉक ॲब्सॉर्बरला दोन लांब्या असतात, पूर्ण उघडल्यावरची आणि पूर्ण दबल्यावरची. चाक यांच्या मधेच हलतं. समजा मागच्या शॉकचा एकूण प्रवास २०० मिमी आहे आणि सपाट जागेवर उभ्या गाडीत ११० मिमी दबण्यासाठी, ९० मिमी खाली लटकण्यासाठी उरतो. ॲक्सलवरच्या स्प्रिंगखाली ४० मिमीचा स्पेसर घातला आणि शॉक तोच ठेवला. आता चाकाला खाली जायला उरले ५० मिमी. तुम्ही गाडी उंच केली आणि तिचं चाक खड्ड्याच्या तळापर्यंत पोचू शकत नाही अशीही केली. दगडी पायरीवर मूळ गाडीचं चाक जिथे टेकून राहिलं असतं, तिथे उचललेल्या गाडीचं चाक हवेत फिरतं. उंची वाढली, पकड घटली.

पुढच्या बाजूला, जिथे स्प्रिंग शॉकवरच बसलेली असते, तिथे स्पेसर कुठे घातला यावर परिणाम ठरतो. स्प्रिंगवर घातला तर खाली लटकण्याचा प्रवास कमी होतो. शॉकच्या डोक्यावर घातला तर चाकाची सगळी हालचालच खाली सरकते, आणि चाक पूर्ण लटकताना बॉल जॉइंट आणि ड्राइव्हशाफ्ट त्यांच्या आखलेल्या मर्यादेपलीकडे ओढले जातात. म्हणून पैसे मर्यादित असतील तर इंच कमी करा आणि शॉक चांगला घ्या. योग्य लांबीच्या शॉकसह ३० ते ४० मिमीची लिफ्ट बांधावर आणि खडकावर जे काम करते, ते कंपनीच्या शॉकवर घातलेल्या दोन इंची स्पेसरला जमत नाही.

ही गोष्ट या पट्ट्यातल्या वाचकांना वेगळी समजावून सांगायला नको. शॉक ॲब्सॉर्बर बनवणाऱ्या गॅब्रिएल इंडियाचा कारखाना चाकणजवळच्या कुरुळीला आहे. वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या एआरएआयचं एक केंद्र चाकणलाच आहे. व्हॉल्व्ह, सील, बुश यांच्यावर रोज काम करणारे हात इथल्या प्रत्येक गल्लीत आहेत. कारखान्यात ड्रॉईंगशिवाय एक वॉशर न स्वीकारणारा माणूस स्वतःच्या गाडीसाठी मात्र ‘थारला बसतं’ एवढ्या खात्रीवर किट विकत घेतो, याचं नवल वाटतं. दुकानदाराला शॉकची उघडी आणि बंद लांबी विचारा आणि ती कंपनीच्या शॉकशी ताडून बघा. ज्याला ती सांगता येत नाही त्याच्याकडचं किट स्वस्त असो वा महाग, ते आंधळं आहे.

वजन सांगितल्याशिवाय स्प्रिंग घेऊ नका

चांगल्या किटमध्ये एकाच गाडीसाठी दोन-तीन स्प्रिंग असतात. एक रिकाम्या गाडीसाठी, एक लोखंडी बंपर आणि विंच लावलेल्यासाठी, एक कायम सामान भरलेल्यासाठी. दुकानात बहुधा जी शिल्लक असेल ती मिळते. हिशेब सोपा आहे. समजा चाकाकडे मोजल्यास प्रत्येक स्प्रिंगचा कडकपणा २५ न्यूटन प्रति मिमी आहे. पुढच्या ॲक्सलवर १०० किलो वजन वाढलं की दोन स्प्रिंग मिळून गाडी सुमारे २० मिमी खाली बसते. म्हणजे ४० मिमीची लिफ्ट घेऊन वर विंच आणि जड बंपर लावला तर निम्मी उंची तिथेच गेली. याच्या उलट, जड गाडीसाठीची स्प्रिंग रिकाम्या गाडीला लावली तर ती छापलेल्यापेक्षा जास्त उचलते आणि प्रत्येक स्पीडब्रेकरवर मणका हिशेब मागतो.

म्हणून किट बघायला जाण्याआधी गाडी नेहमीच्या वजनासह सपाट जागी उभी करा आणि चारही चाकांवर हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मेजरटेपने मोजा. जमिनीपासून मोजू नका, कारण टायरमधली हवा फरक करते. हे चार आकडे तुमच्याकडे असले की ‘किती उचलली’ हा वाद बसवल्यानंतर मिटतो.

कोणत्या गाडीत काय सांभाळायचं

जिम्नीला पुढेमागे सलग ॲक्सल आणि कॉईल स्प्रिंग आहेत. ॲक्सल बाजूला सरकू नये म्हणून एक आडवा दांडा, पॅनहार्ड रॉड असतो. गाडी उचलली की हा दांडा तिरका होऊन ॲक्सलला एका बाजूला ओढतो. पुढे कॅस्टरही कमी होतो. त्यामुळे जिम्नीच्या किटमध्ये कॅस्टर सुधारणारे बुश आणि शक्यतो बदलता येणारा पॅनहार्ड रॉड हवा. ते नसलेलं किट स्वस्त दिसतं कारण त्यातले महत्त्वाचे भाग तुम्हाला नंतर वेगळे घ्यावे लागतात.

थारच्या बाबतीत पुढच्या बाजूला सांभाळायचं. उचललेल्या गाडीत कॅम्बर-कॅस्टर जागेवर आणायला वरचे आर्म पुरेसे जुळत नसतील तर बदलावे लागतात. ३० ते ४० मिमीपर्यंत बहुतेकदा निभावतं. त्यापुढे आर्मचा खर्च किटच्या खर्चात मिळवूनच तुलना करा. रॉक्सच्या वरच्या व्हेरियंटमध्ये काचेमागे ॲडासचा कॅमेरा आहे. गाडीची उंची आणि कल बदलला तर त्याचं कॅलिब्रेशन तपासून घ्यावं लागतं.

आणि फोर्सच्या गुरखाचा मालक असाल तर आधी थांबा. आकुर्डीच्या या कंपनीने २०२४ च्या गुरखाला २३३ मिमी ग्राउंड क्लिअरन्स, ७०० मिमी पाण्यातून जाण्याची क्षमता आणि दोन्ही ॲक्सलना डिफरेन्शियल लॉक दिलेत. अशा गाडीत जिथे अडता तिथे बहुधा उंची कमी पडत नसते, टायरमध्ये हवा जास्त असते किंवा वाट चुकीची निवडलेली असते.

बसवताना

काम गॅरेजवाल्याचं असलं तरी तीन गोष्टींवर स्वतः नजर ठेवा. पहिली, आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना कधीही पूर्ण आवळू नयेत. चाकं जमिनीवर, वजन स्प्रिंगवर, मगच शेवटचा टॉर्क. हवेत आवळलं तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. दुसरी, चाक पूर्ण लटकवून ब्रेकचे पाइप आणि एबीएसच्या वायरी ताणत नाहीत ना ते बघा. तिसरी, त्याच दिवशी अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत खाली आणणं. उचललेल्या गाडीचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे, हेही पावतीवर लिहून घ्या.

लक्षात ठेवा, रविवारी डोंगरात जाणारी ही गाडी बाकी दिवस नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंत ट्रेलरच्या रांगेत धावते. गुरुत्वमध्य वर गेला की लेन बदलताना आणि अचानक ब्रेक मारताना गाडी जास्त झुकते. तुमचा खरा ऑफरोड आठवड्यातून चार तासांचा असेल, तर गाडीने उरलेल्या सगळ्या तासांचाही विचार करायला हवा.

कागदावर काय

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी आणि कंपनीच्या मूळ वर्णनाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेलं कलम १८२-अ सांगतं की नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘सस्पेन्शन आरसीवर कुठे लिहिलंय?’ हा युक्तिवाद गॅरेजमध्ये चालतो. अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरसमोर किंवा न्यायालयात त्यावर भिस्त ठेवू नका. एमएच-१४ चे परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी या दोघांनाही लेखी विचारा, उत्तर जपून ठेवा, कंपनीची स्प्रिंग आणि शॉक विकून टाकू नका. वॉरंटीतली गाडी असेल तर सस्पेन्शन आणि ड्राइव्हशाफ्टचे दावे अडकू शकतात, हाही खर्च हिशेबात धरा.

खिशाप्रमाणे क्रम

बजेट अगदी तुटपुंजं असेल तर फूटस्टेप आणि बंपरचा ओठ काढा, खालून एक चांगली स्किड प्लेट लावा आणि हवा कमी करून गाडी चालवायला शिका. मधल्या बजेटात, कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेल्या मापांतलाच दणकट ऑल-टेरेन टायर आणि योग्य लांबीचे चांगले शॉक घ्या. त्यावर थोडी उंची लागली तर गाडीच्या वजनाला जुळणारी ३० ते ४० मिमीची स्प्रिंग. दोन इंच आणि त्यापुढे जायचं तर आर्म, पॅनहार्ड, ब्रेक पाइप आणि कागदपत्रं सगळी एकाच वेळी परवडत असतील तरच जा. अर्ध्यात सोडलेली दोन इंची लिफ्ट ही या यादीतली सर्वांत महागडी वस्तू आहे.

शंका उरली तर किटचा विचार पुढच्या पावसाळ्यापर्यंत ढकला. तोपर्यंत ओरखडे आणखी वाढतील आणि उत्तर आणखी स्पष्ट होईल.

पुढच्या आठवड्यात : अडकलेली गाडी बाहेर काढताना. पट्टा कुठे बांधायचा, टो-हुकाला का बांधायचा नाही आणि ताणलेल्या दोरीपासून किती लांब उभं राहायचं.